एक प्रदेश, चार फळ्या: सिसिली वाचायची उलटी वाट

एखादा परका प्रदेश पुस्तकांतून समजून घ्यायचा म्हटलं की आपण शहाण्यासारखं इतिहासापासून सुरू करतो. मीही इटलीच्या सिसिली बेटाचा जाडजूड इतिहास समोर घेऊन बसलो होतो. ग्रीक वसाहती झाल्या, कार्थेजशी लढाया सुरू झाल्या, एका डायोनिसियसमागून दुसरा डायोनिसियस आला आणि माझी गाडी तिथेच रुतली. पुस्तक वर्षभर उशाशी पडून होतं. मग कुणीतरी दिलेली एक बारीकशी सिसिलियन रहस्यकथा एका बैठकीत वाचून झाली आणि त्याच रात्री तो इतिहास मी आपणहून उघडला. फक्त मागच्या बाजूने, सूचीपासून.

तेव्हापासून माझा क्रम ठरून गेलाय: आधी रहस्यकथा, मग वास्तू, मग लोककथा आणि सगळ्यात शेवटी इतिहास. रहस्यकथेने डोक्यात प्रश्न पेरले की मग इतिहासाची सनावळी जड वाटत नाही, कारण आपण तिच्यात काहीतरी शोधत असतो. ही वाट खाली पायरीपायरीने सांगतो. उदाहरण सिसिलीचं घेतलंय, कारण पुस्तकांच्या या चारही फळ्या इतक्या भरलेल्या असलेला एवढा लहान प्रदेश चटकन सापडत नाही. तुम्ही त्या जागी तुमच्या मनातला प्रदेश ठेवा, पायऱ्या त्याच.

पायरी १: प्रदेश लहान करा

‘इटली वाचतोय’ म्हणणारा माणूस दोन महिन्यांत वाचणं सोडतो. सिसिली बेट भूमध्य समुद्रातलं सगळ्यात मोठं, २५,००० चौ. किमी.हून थोडं जास्त, आणि तेसुद्धा एका दमात वाचायला मोठंच आहे. मी त्याचे दोन तुकडे केले: वायव्येचं पालेर्मो आणि आग्नेयेचा कोपरा, म्हणजे सिराकूझा, नोतो, रागुझा, मोदिका. मधला डोंगराळ भाग आणि गंधकाच्या खाणी नंतरसाठी ठेवल्या.

तुकडा पाडायचा कसा? जिल्ह्याच्या आजच्या हद्दीवर जाऊ नका, त्या सरकार बदललं की बदलतात. एकच आपत्ती, एकच राजा किंवा एकच पीक जितक्या गावांच्या आठवणीत आहे तितका आपला प्रदेश. आग्नेय सिसिलीला १६९३ चा भूकंप एकत्र बांधतो. तेवढी गाठ पुरेशी आहे.

पायरी २: नकाशा भिंतीवर, गावांची नावं मोठ्याने

पहिलं पुस्तक उघडण्याआधी नकाशा लावा. फोनमधला चालत नाही असं नाही, पण त्यात आपण शोधलेलंच गाव दिसतं. भिंतीवरच्या नकाशात न शोधलेली गावं दिसत राहतात.

मग नावं वाचा. सिसिलीच्या मधोमध काल्तानिसेत्ता, पूर्वेला काल्ताजिरोने, तिकडे कालाशिबेत्ता. ही ‘काल्ता’, ‘काला’ काय भानगड आहे? अरबीतला ‘कलआ’, म्हणजे गढी. आपला ‘किल्ला’ त्याच अरबी घराण्यातला. एट्ना या ज्वालामुखीचं जुनं सिसिलियन नाव मोंजिबेल्लो. त्यात लॅटिनचा ‘मोन्स’ म्हणजे डोंगर आणि अरबीचा ‘जबल’ म्हणजेही डोंगर. जिंकणारे बदलले, त्यांनी आधीच्यांचं नाव पुसायच्या ऐवजी त्याला आपला शब्द चिकटवला. अरब फौजा ८२७ मध्ये माझाराजवळ उतरल्या, पालेर्मो ८३१ मध्ये पडलं, आणि नॉर्मन सरदारांनी १०९१ पर्यंत सगळं बेट परत घेतलं, हे सन तुम्हाला पुढे इतिहासात भेटतीलच. पण भेटतील तेव्हा ओळखीचे असतील.

पायरी ३: रहस्यकथा, पण खुनी शोधायला नाही

या फळीवर दोनच लेखकांपासून सुरुवात करा. एक जो त्या मातीतला आहे आणि चिडलेला आहे. दुसरा जो त्या मातीतला आहे आणि मजेत आहे. सिसिलीपुरतं म्हणाल तर पहिला लेओनार्दो शाशा, दुसरा आंद्रेआ कामिल्लेरी.

शाशा राकालमुतो या खाणीच्या गावचा, पेशाने शाळामास्तर. त्याची पहिली माफिया-कादंबरी १९६१ मध्ये आली, मराठीत नाव सांगायचं तर ‘घुबडाचा दिवस’. सुरुवातीचा प्रसंग असा: पहाटेची बस सुटायच्या बेतात आहे, एक माणूस धावत येऊन पायरीवर चढतो आणि दोन गोळ्यांत कोसळतो. पोलीस येईपर्यंत बसमधले प्रवासी एकेक करून सटकलेले असतात. ड्रायव्हरला कोण कोण बसलं होतं ते आठवत नाही. बसशेजारी हरभऱ्याच्या पिठाच्या वड्या विकणारा एक जण उभा होता, तोही गायब. त्याला शोधून आणतात, गोळ्या कुणी झाडल्या विचारतात, तर तो निरागसपणे उलट विचारतो: का, गोळीबार झाला का?

आता वही काढा. मी या एका प्रसंगावर अर्धं पान लिहिलं होतं, त्यात खुनाबद्दल एक ओळही नव्हती. कोण गप्प बसलं? त्याला कुणाची भीती होती, पोलिसांची की त्यांच्याहून मोठ्या कुणाची? तपास अधिकारी कुठून आला? कॅप्टन बेलोदी उत्तरेतल्या पार्माचा. सिसिलीच्या मानाने परदेशीच. म्हणजे १९६१ मध्ये हे सगळं धडपणे विचारायला लेखकाला बाहेरचा माणूस लागला. ही एक गोष्ट मला पाचशे पानी इतिहासाने सांगितली नव्हती.

कुठलीही प्रादेशिक रहस्यकथा अशी वाचायची. साहेब आला की खुर्चीतून कोण उठतं, कागद कुठल्या कचेरीत अडतो, दुपारी दुकानं किती वाजता बंद होतात, कोणत्या घरात शिरायला पोलीस बिचकतात, घरातल्या बाईला काय माहीत असतं आणि तिला कुणीच का विचारत नाही. लेखकाला कथानक रचायचं असतं, त्यामुळे खून, पुरावे आणि योगायोग तो बनवतो. पण ही बारीकसारीक माहिती तो सहसा बनवत नाही, कारण त्याचे पहिले वाचक त्याच गल्लीतले असतात आणि ते लगेच पकडतात.

दोन तारखा वेगळ्या लिहा: कथा कधी घडते आणि पुस्तक कधी छापलं. शाशाने लिहिलं तेव्हा माफिया नावाची काही संघटना नाहीच असं मोठमोठी माणसं छातीठोकपणे सांगत होती. इटलीच्या संसदेची माफिया-चौकशी समिती कामाला लागली ती १९६३ मध्ये. पुस्तकाच्या शेवटच्या टिपेत तो सांगतो की कथा लिहून झाल्यावर ती छोटी करण्यातच वर्ष गेलं. बदनामीच्या खटल्याची धास्ती होती. अशा कादंबरीत जे वगळलंय तेही वाचायचं असतं.

कामिल्लेरीचा नूर वेगळा. त्याचा इन्स्पेक्टर मोंताल्बानो पहिल्यांदा १९९४ मध्ये आला. तो स्थानिक आहे, खवय्या आहे, जेवताना कुणी बोललेलं त्याला खपत नाही, आणि वरिष्ठांशी खोटं बोलण्यात वाकबगार आहे. भाषा इटालियन आणि सिसिलियन यांची खिचडी. भाषांतरात ती निम्मी हरवते, पण पात्र कुणाशी कुठली बोली बोलतंय हे चांगला भाषांतरकार कसंतरी सुचवतोच. तेवढ्यावर लक्ष ठेवा. कोण कुणाला कमी लेखतं ते त्यातूनच कळतं.

इथे माझी फजिती सांगतो. मोंताल्बानोचं गाव विगाता मी भिंतीवरच्या नकाशात अर्धा तास शोधत होतो. ते काल्पनिक आहे हे मलपृष्ठावर छापलेलं होतं. कामिल्लेरीने ते आपल्या पोर्तो एम्पेदोक्ले या गावावर बेतलं. पुढे गंमत अशी झाली की २००३ मध्ये त्या खऱ्या गावाने अधिकृत नावाला ‘विगाता’ जोडून घेतलं आणि २००९ मध्ये ते काढूनही टाकलं. त्यातून आणखी एक घोळ आहे. टीव्ही मालिकेतली विगाता चित्रित झालीय रागुझाच्या परिसरात, म्हणजे बेटाच्या दुसऱ्याच कोपऱ्यात. पडद्यावरची ती मधाळ रंगाची बरोक (सतराव्या-अठराव्या शतकातल्या नक्षीदार शैलीची) गल्ली डोक्यात ठेवून पुस्तक वाचलं तर इमारती चुकीच्या दिसणार. म्हणून आधी वाचा, मग पाहा.

पायरी ४: वास्तू: पैसे कुणी दिले आणि तेव्हाच का दिले

वास्तूचं पुस्तक निवडताना एकच कसोटी: त्यात तळनकाशे आहेत का. नुसत्या फोटोंचं पुस्तक दिवाणखान्याच्या टेबलासाठी असतं. तळनकाशा असेल तर चालत आत शिरता येतं.

एक इमारत घ्या आणि तिच्यावर आठवडा घालवा. दहा इमारतींवर दहा मिनिटं घालवून काही हाती लागत नाही. मी घेतली सिराकूझाचं कॅथेड्रल. समोरून पाहिलं तर अठराव्या शतकातला बरोक दर्शनी भाग, लाटेसारखा पुढे-मागे होणारा. बाजूच्या भिंतीकडे आलात की दगडात गाडलेले जाडजूड डोरिक, म्हणजे जुन्या ग्रीक धाटणीचे, खांब दिसतात. ते इ.स.पू. पाचव्या शतकातल्या अथेनाच्या देवळाचे. ख्रिस्ती झाल्यावर कुणी देऊळ पाडलं नाही. खांबांच्या मधल्या मोकळ्या जागा भिंती घालून बुजवल्या आणि आतल्या गाभाऱ्याच्या भिंतींना कमानी फोडल्या. म्हणजे जे बाहेर होतं ते बंद झालं आणि जे बंद होतं ते उघडलं. देऊळ मोज्यासारखं उलटं करून चर्च झालं. अरब काळात तिथे मशीद होती. मग भूकंपात दर्शनी भाग पडला, म्हणून नवा बांधला. अडीच हजार वर्षं लोक एकाच जागी डोकं टेकायला येत राहिले आणि प्रत्येकाने आधीच्याचे खांब वापरले, कारण खांब मजबूत होते आणि नवे महाग.

वास्तूकडे बघताना ‘सुंदर’ हा शब्द महिनाभर वापरायचा नाही असं मी स्वतःला बजावतो. त्याऐवजी विचारायचं: दगड कुठला, कारागीर कुठला, पैसे कुणाचे, आणि नेमकं त्याच साली का? आग्नेय सिसिलीत या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर एका शब्दाचं आहे. ९ जानेवारी १६९३ ला धक्का बसला आणि ११ जानेवारीला त्याहून मोठा. मृतांचा आकडा साधारण ६०,००० धरला जातो. नोतो गाव जुन्या टेकडीवरून उचलून काही किलोमीटर दूर नव्या जागी वसवलं, सरळ रस्त्यांचं. ग्रामिकेले तर कागदावर षटकोन आखून बांधलं, मधोमध षटकोनी चौक. रागुझात मात्र लोकांचं एकमत होईना: काही जण वरच्या सपाटीवर गेले, काही जुन्याच जागी, इब्लात राहिले, आणि ही दोन गावं १९२६ मध्ये कुठे पुन्हा एक झाली. तुम्ही घर पडल्यावर कुठे जाल, हा प्रश्न इथे सगळ्या गल्लीबोळांच्या आकारात उत्तरलेला आहे. या भागातली आठ गावं २००२ पासून युनेस्कोच्या यादीत आहेत.

नोतोतल्या निकोलाची वाड्याचे सज्जे जवळून बघण्यासारखे आहेत. सज्जाला खालून टेकू देणारे दगडी ब्रॅकेट, आणि प्रत्येकावर वेगळी आकृती: सिंह, घोडे, पंख असलेले राक्षस, जलपऱ्या. रस्त्यावरच्या माणसाने मान वर करून बघत राहावं म्हणूनच केलेलं काम. भूकंपात सगळं गेलेल्या गावातला हा डामडौल आहे, हे लक्षात ठेवून बघा.

पाडलेल्या इमारतींचीही एक यादी करा. ही यादी पर्यटन-मार्गदर्शिकेत नसते. पालेर्मोत एर्नेस्तो बाझीले या वास्तुकाराने विसाव्या शतकाच्या सुरुवातीला बांधलेला विला देलिएल्ला नावाचा बंगला १९५९ च्या नोव्हेंबरात रातोरात पाडायला घेतला, कारण लवकरच त्याला संरक्षण मिळणार होतं. त्या दशकांत शहराभोवतीच्या बागा आणि जुने बंगले जाऊन जे सिमेंटचे ठोकळे उभे राहिले त्याला तिथले लोक ‘पालेर्मोची लूट’ म्हणतात, आणि त्या बांधकामांत माफियाचा पैसा आणि पालिकेतले हात दोन्ही होते. शाशाच्या कादंबरीत मेलेला माणूसही बांधकाम कंत्राटदारच आहे. दोन फळ्या इथे एकमेकींना टेकतात.

सिसिलियन बरोकवर इंग्रजीत वाट पाडणारं पुस्तक १९६८ मध्ये लिहिलं अँथनी ब्लंटने. हा ब्रिटिश राणीच्या चित्रसंग्रहाचा प्रमुख. १९७९ मध्ये जाहीर झालं की तो पूर्वी सोव्हिएत हेर होता. माहिती अजूनही भरवशाची आहे, पण पुस्तक माझ्याकडे चुकून नेहमी रहस्यकथांच्या फळीवरच जातं.

पायरी ५: लोककथा: सांगणाऱ्याचं नाव शोधा

लोककथांचं पुस्तक उघडल्यावर गोष्टी वाचायच्या आधी प्रस्तावना आणि टिपा बघा. कथा कुणी सांगितली, कुठे, कुठल्या भाषेत, कुणी लिहून घेतली, किती साली. यातलं काहीच नसेल तर पुस्तक मुलांना वाचून दाखवा, प्रदेश समजायला वापरू नका. संपादक हात फिरवतात. ग्रिम बंधूंनी १८१२ च्या पहिल्या आवृत्तीत हिमगौरीच्या जिवावर उठलेली सख्खी आई १८१९ मध्ये सावत्र केली. जर्मन घराघरातली आई त्यांना सांभाळायची होती.

सिसिलीचं नशीब थोर. जुझेप्पे पित्रे नावाचा पालेर्मोचा डॉक्टर डॉक्टरकी करता करता गोष्टी, म्हणी, खेळ, औषधं गोळा करत गेला. त्याची लोकपरंपरेची ग्रंथमाला २५ खंडांची, १८७१ ते १९१३ एवढ्या काळात निघालेली. १८७५ मध्ये आलेल्या चार खंडांत सुमारे तीनशे कथा सिसिलियन बोलीतच छापल्या, सांगणाऱ्यांच्या नावांनिशी. त्याची सगळ्यात लाडकी कथेकरीण आगातुत्सा मेस्सिया. गोधड्या शिवणारी, सत्तरीची, लिहिता-वाचता न येणारी. तिच्या गोष्टींतल्या मुली स्वतःचं डोकं चालवतात, वाट बघत बसत नाहीत. कोण सांगतंय त्याने फरक पडतो तो असा. पित्रेच्या कथा आता इंग्रजीत आहेत. त्याच्याही आधी, १८७० मध्ये, मेस्सिनाच्या लाउरा गोन्झेनबाखने सिसिलियन कथा जर्मनमध्ये छापल्या होत्या. तोही संग्रह इंग्रजीत मिळतो.

दोन गोष्टी जवळून बघू.

जुफा हा सिसिलीचा येडा. त्याला माश्यांनी हैराण केलं, म्हणून तो न्यायाधीशाकडे तक्रार घेऊन गेला. न्यायाधीश हसून म्हणाला, दिसेल तिथे माशी मार, तुला परवानगी. तेवढ्यात एक माशी न्यायाधीशाच्याच नाकावर बसली, आणि जुफाने कायद्याने दिलेला हक्क मूठ आवळून बजावला. जुफा म्हणजे अरबांचा जुहा, आपल्याला माहीत असलेल्या मुल्ला नसरुद्दीनचा भाऊबंद. इतिहासात अरब राजवट अकराव्या शतकात संपते आणि उरलेल्या मुसलमानांना तेराव्या शतकात सम्राट फ्रेडरिक दुसरा मुख्य भूमीवर लुचेरात नेऊन बसवतो. गोष्टीत मात्र जुफा एकोणिसाव्या शतकातही बाजारात फिरतोय.

कथाप्रकारांच्या आंतरराष्ट्रीय सूचीत या गोष्टीचा नंबर १५८६. ही सूची फिनलंडच्या आर्नेने १९१० मध्ये सुरू केली, अमेरिकन थॉम्प्सनने वाढवली, जर्मन ऊथरने २००४ मध्ये सुधारली. नंबर सापडला की एक कळतं: गोष्ट फक्त इथली नाही. मग सगळं लक्ष तपशिलावर द्यायचं. इथल्या गोष्टीत फटका कुणाला बसतो? न्यायाधीशाला. आणि ऐकणारे हसतात. आता परत ‘का, गोळीबार झाला का?’ हे वाक्य आठवा. वड्या विकणारा जुफाचंच सोंग घेऊन कायद्यासमोर उभा होता. मला हे दुसऱ्या वाचनात लक्षात आलं, आणि त्या दिवशी दुसरं काही वाचवलं नाही.

दुसरी गोष्ट कोलापेशेची. मेस्सिनाचा पोरगा, पाण्यात माशासारखा राहणारा. राजाने त्याला समुद्राच्या तळाशी पाठवलं. त्याला दिसलं की सिसिली तीन खांबांवर उभी आहे आणि त्यातला एक तडकलाय. तो पुन्हा खाली गेला तो वर आलाच नाही; तो खांब खांद्यावर तोलून अजून उभा आहे, आणि खांदा बदलतो तेव्हा जमीन हलते. शेषाच्या फण्यावर पृथ्वी ऐकत वाढलेल्या आपल्याला ही गोष्ट समजवावी लागत नाही. पण आपला शेष देव आहे. हा एका कोळ्याचा पोरगा, त्याला कुणी सुटीही देत नाही.

पायरी ६: जिथे फळ्या गळ्यात गळे घालतात तिथे सावध

बेआती पाओली हे नाव कुठेही दिसलं तर पेन्सिल हातात घ्या. दंतकथा अशी की जुन्या पालेर्मोत काळे झगे घातलेली एक गुप्त टोळी होती, शहराखालच्या भुयारांत तिचा दरबार भरायचा, आणि सरदारांनी नाडलेल्या गरिबाला ती न्याय द्यायची. ही दंतकथा उचलून लुइजी नातोलीने १९०९-१० मध्ये पालेर्मोच्या एका दैनिकात, इंग्रजी वाटेल अशा टोपणनावाने, भली मोठी क्रमशः कादंबरी लिहिली. ती घराघरात मोठ्याने वाचली गेली. पुढे माफियाच्या लोकांनी आपला वंश या टोळीपासून सांगायला सुरुवात केली. १९८४ मध्ये तपास-न्यायाधीशाला सगळं सांगणारा माफियातला तोम्मासो बुशेत्ता हेच म्हणत होता. आणखी एका साक्षीदाराचं टोळीतलं टोपणनाव त्या कादंबरीतल्या एका प्रमुख पात्राचं होतं.

म्हणजे दंतकथेतून कादंबरी, कादंबरीतून गुन्हेगाराचा आत्मसन्मान, आणि तिथून न्यायालयातली जबानी. मी माझ्या वहीत बेआती पाओली ‘इतिहास’ या रकान्यात ठोकून दिले होते, तेही शाईने. कादंबरी १६९८ पासूनचे सन इतक्या बेधडक देते की मला शंकाच आली नाही. तेव्हापासूनचा नियम: कुठलीही माहिती लिहिताना बाजूला एक अक्षर. ‘र’ म्हणजे रहस्यकथेतून, ‘वा’ वास्तूच्या पुस्तकातून, ‘लो’ लोककथेतून, ‘इ’ इतिहासातून. फक्त ‘र’ किंवा ‘लो’ असेल तर ती गोष्ट लोकांना खरी वाटते एवढंच सिद्ध झालं, आणि तेही कमी मोलाचं नाही.

पायरी ७: आता इतिहास, मागून पुढे

वहीत तीसेक प्रश्न जमले की जाड पुस्तक काढा. पहिलं प्रकरण उघडू नका, सूची उघडा. आपले प्रश्न, आपली गावं, आपली माणसं शोधा, ती पानं वाचा, आणि त्या पानांच्या आगेमागे पसरत जा. महिन्याभरात अर्धं पुस्तक वाचून झालेलं असतं आणि उरलेलं सोडवत नाही.

तीन थरांची तीन पुस्तकं असावीत. एक सलग सांगणारं. जॉन ज्युलियस नॉर्विचचं २०१५ चं सिसिलीवरचं पुस्तक गोष्टीवेल्हाळ आहे, पण शेवटची शतकं घाईत उरकतं. दुसरं अभ्यासकाचं, डेनिस मॅक स्मिथचे १९६८ चे दोन खंड, मध्ययुगापासून पुढे. तो फार कठोर आहे अशी तक्रार सिसिलीत ऐकू येते, म्हणून नॉर्विचसोबत त्याची जोडी बसते. तिसरा थर त्या काळच्या कागदाचा. १८७६ मध्ये लेओपोल्दो फ्रांकेत्ती आणि सिदनी सोन्नीनो हे दोन तरुण स्वखर्चाने बेटभर हिंडले आणि पुढच्या वर्षी अहवाल छापला: शेतकरी, करार, गंधकाच्या खाणीत ओझी वाहणारी पोरं, आणि हिंसा हाच धंदा झालेले लोक. इटालियन येत नसेल तर त्यातले उतारे अभ्यासकांच्या पुस्तकांत भाषांतरित मिळतात, तेवढ्यावर भागवा.

इतिहासकाराचीही चौकशी करायची, अगदी संशयितासारखी. मिकेले आमारीने १८४२ मध्ये पालेर्मोत १२८२ च्या उठावावर ग्रंथ काढला. फ्रेंच राजवटीविरुद्ध सिसिलीच्या लोकांनी केलेला तो उठाव. नाव मुद्दाम मिळमिळीत ठेवलं होतं, ‘तेराव्या शतकातल्या सिसिलियन इतिहासाचा एक कालखंड’ अशा अर्थाचं, म्हणजे सेन्सॉरने पान उलटू नये. तरी तेव्हा सिसिलीवर राज्य करणाऱ्या नेपल्सच्या बूर्बाँ सरकारला वास आलाच, आणि आमारीला फ्रान्सला पळावं लागलं. तिथे तो अरबी शिकला आणि सिसिलीतल्या मुसलमानांचा तीन खंडी इतिहास लिहून बसला, जो आजही पायाभूत मानतात. साडेपाचशे वर्षं जुन्या घटनेवरचं पुस्तक सरकारला झोंबत असेल तर ते पुस्तक कुठल्या काळाबद्दल आहे, हा प्रश्न प्रत्येक इतिहासाला विचारून बघा.

इतिहासकार आणि डिटेक्टिव्ह यांचं हे नातं मी लावलेलं नाही. इटालियन इतिहासकार कार्लो गिन्झबर्गने १९७९ मध्ये एक निबंध लिहिला, त्यात त्याने चित्रांतले कान आणि नखं बघून चित्रकार ओळखणारा मोरेल्ली, मनोविश्लेषक फ्रॉइड आणि शेरलॉक होम्स यांना एका बाकावर बसवलं: तिघेही क्षुल्लक खुणांवरून मोठं काही ओळखतात. रहस्यकथेची सवय झालेला वाचक इतिहासात लवकर रमतो त्याचं कारण हेच असावं.

पायरी ८: एका घटनेचं एक पान

वाचन गोळा करायची माझी पद्धत: वहीचं एक पान, एक घटना, चार चौकोन. ‘११ जानेवारी १६९३’ हे पान सध्या असं दिसतं.

इतिहासाच्या चौकोनात तारखा, मृतांचा आकडा, आणि स्पेनच्या व्हाइसरॉयने पुनर्बांधणीला सरदार कामास्त्राला पाठवलं ही नोंद. वास्तूच्या चौकोनात ग्रामिकेलेचा षटकोन, वाकडातिकडा, हाताने काढलेला, आणि सिराकूझाचा नवा दर्शनी भाग. लोककथेच्या चौकोनात कोलापेशे, पण बाजूला प्रश्नचिन्ह: ती गोष्ट या भूकंपाहून कितीतरी जुनी आहे, इथे तिला ओढून आणलंय ते मी. रहस्यकथेच्या चौकोनात बराच काळ काहीच नव्हतं. मग एवढंच लिहिलं: ‘मोंताल्बानो मालिका; प्रत्येक प्रेत १६९३ नंतरच्या गल्लीत सापडतं, कुणी उल्लेखही करत नाही.’

चौकोन रिकामा राहिला तर भरायची घाई करू नका. पुस्तकं विकत घेताना मात्र हीच पानं समोर ठेवा. ज्या चौकोनात सगळ्यात कमी शाई आहे त्या फळीवरचं पुस्तक पुढचं. जुनी, स्वामित्वहक्क संपलेली पुस्तकं इंटरनेट आर्काइव्हवर फुकट असतात, आमारी आणि पित्रेचे मूळ खंड धरून. नवी घेताना सूची आणि नकाशा आहे ना, एवढं शेवटची पानं उलटून बघा.

दुसरं पान मी गेल्या आठवड्यात सुरू केलं: ‘२८ डिसेंबर १९०८, मेस्सिना’. भूकंप, पाठोपाठ समुद्र, आणि शहर जवळजवळ सगळं गेलं. कोलापेशे त्याच शहराचा. लोककथेच्या चौकोनात त्याचं नाव लिहिलं, यावेळी प्रश्नचिन्हाशिवाय, आणि बाकीचे तीन अजून कोरे आहेत.